जामाच्या झाडाखालचे चार दिवस

ऑपरेशन थिएटरात मी सगळ्यात जास्त बोलणी खाल्ली असतील तर ती एका नळीपायी. युरेटर म्हणतात तिला, दोन्ही बाजूंना एकेक असते. मूत्रपिंडातून निघते आणि गर्भाशयाला अगदी खेटून जात मूत्राशयात उतरते. चुकून तिला कात्री लागली तर बाईचे हाल कुत्रं खात नाही. म्हणून आमच्या मॅडमचा एकच धोशा असायचा, "युरेटर कुठंय?" दिसल्याशिवाय कात्री पुढे सरकायची नाही. मी म्हणायची, "इथंच असेल मॅडम," की त्या हात थांबवून माझ्याकडे बघायच्या. "असेल नको. दाखव." मग मी चिमट्यानं चाचपत बसायची आणि एकदाची ती सापडायची. पांढुरकी, ओली, हळूच टोचलं की अंग चोरून वळवळणारी. इतकी साजरी दिसते म्हणून सांगू!

हा "साजरी" शब्द मी एकदा थिएटरात मोठ्यानं बोलले आणि माझ्याबरोबर शिकणारा पुण्याचा फेलो मास्कच्या आत खुदकन हसला. मग दिवसभर जे दिसेल त्याला साजरं म्हणत सुटला. साजरा चहा, साजरी लिफ्ट. मी मुळात तापट. कँटीनमध्ये ताट आपटून म्हणाले, "काऊन बे, तुमच्या पुण्यात सुंदर म्हणायचा पण परवाना लागतो का?" तेव्हापासून तो जरा वचकून असायचा, पण छळायचं काही सोडलं नाही त्यानं.

फेलोशिप म्हणजे काय, हे घरी समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले होते. डॉक्टर झाले, मग बाळंतपणाची डॉक्टर झाले, आणि आता परत शिकायला गेले, तेही एवढ्या लांबच्या शहरात, तेही फक्त बायकांच्या कॅन्सरचं. माझी काकू फोनवर विचारायची, "अजून किती शिकते व? त्या एवढ्याशा पिशवीत असं किती असते शिकाचं?" पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडच्या सगळ्या बायका पिशवीच म्हणतात.

खरं तर शिकण्यापेक्षा उभं राहणंच जास्त असायचं. मॅडम ऑपरेशन करायच्या आणि आम्ही पोटाच्या कडा ओढून धरायचो, तासन् तास. एसी भणभणायचा, मशीन एका लयीत टिंव टिंव करायचं, आणि मला उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडायची. वरच्या दिव्याचा पांढरा झोत हळूहळू पिवळा व्हायचा, हिरव्या चादरी पानांसारख्या हलायला लागायच्या, आणि मी विदर्भातल्या, देऊळगाव राजाच्या आमच्या घराच्या परसात पोचलेली असायची. तिथं जामाचं झाड आहे. जाम म्हणजे बाकीच्या महाराष्ट्राचा पेरू. झाडाखाली चटई, चटईवर काकू, आणि काकूच्या मांडीवर मी.

मी त्या मांडीवर बिनकपड्यांची असायची. सांगते काऊन ते.

आमचं घर जुन्या वळणाचं. पाळी आली की बाईनं चार दिवस बाहेर बसायचं, म्हणजे स्वयंपाकघर बंद, देवघर बंद, कुणाला शिवायचं नाही. आईची शाळा होती, त्यामुळे तिचं बसणं नावाला असायचं. शाळेत कोण विचारतंय! काकूचं मात्र रीतसर होतं. तिची वेगळी चटई, वेगळं ताट, वेगळा गिलास. चार दिवस ती परसातल्या जामाखाली आणि रात्री मागच्या खोलीत. तिला कुणी शिवलं तर त्याचे कपडे बाटायचे आणि त्याला अंघोळ करेपर्यंत घरात कुठं हात लावता यायचा नाही. पण लहान पोराच्या अंगावर कपडाच नसेल तर त्याला काही बाटत नाही, असा एक सोयीचा नियम होता. म्हणून मी मागच्या दारात फ्रॉक काढून टाकायची आणि धूम काकूकडे पळायची.

ते चार दिवस माझ्या लहानपणातले सगळ्यात साजरे दिवस. एरवी काकू अशी हाताला लागायचीच नाही. पहाटेपासून पाणी, चूल, पोळ्या, भांडी, देवाचं, पाहुण्यांचं. आमचं घर बालाजीच्या देवळाजवळ, त्यामुळे पाहुणा कधी येईल याचा नेम नाही. पण जामाखाली ती पाय पसरून बसायची. शेंगा फोडून एक दाणा माझ्या तोंडात, एक तिच्या. केस मोकळे सोडून तासभर विंचरायची. तिच्या माहेरच्या, देऊळघाटच्या गोष्टी सांगायची. तिथल्या विहिरीत म्हणे दुपारच्याला आतून कुणी बाई गाणं म्हणते. सांगता सांगता तिचाच डोळा लागायचा. भिंत तापलेली, देवळातली घंटा मधूनच एकदा वाजून गप्प झालेली, जामाचं एखादं पान गरगरत चटईवर आलेलं. घरातून काकांचा आवाज यायचा, "अहो, ऐकलं का?" आणि मग त्यांनाच आठवायचं आणि ते गप्प बसायचे. काकू डोळे न उघडता हसायची. ते हसू मला तेव्हा कळलं नव्हतं.

मोठी झाल्यावर मला या सगळ्या प्रकाराची चीड आली, ती आजही आहे. माझी पाळी आली तेव्हा मी आईला सांगितलं, मी कुठं बसणार-बिसणार नाही. घरात दोन दिवस कल्ला झाला आणि मग सगळ्यांनी डोळेझाक केली. पुढे काकूची पाळी कायमची गेली आणि जामाखालची चटई गुंडाळून माळ्यावर गेली. मी म्हटलं, बरं झालं, सुटली बिचारी. सुटली कसली! सोवळ्यातला सगळा स्वयंपाक, नैवेद्य, सणवार, जे पाळीच्या बायकांना करता येत नाही ते झाडून सगळं आता बारा महिने तिच्याच अंगावर पडलं. पण हे माझ्या लक्षात आलं नाही. मी शिकत होते ना.

हॉस्पिटलच्या ओपीडीत मॅडमची एक शिस्त होती. पेशंट बाई बोलत असताना तिचे नातेवाईक दाराबाहेर, आणि डॉक्टर स्टुलावर, पेशंटपेक्षा खाली. "वरून विचारलं की बाई खोटं बोलते," त्या म्हणायच्या. प्रश्न ठरलेला असायचा. पाळी गेल्यावर परत कधी रक्त गेलं का? कारण पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईला परत लाल दिसलं, तर ते थेंबभर का असेना, तपासायचंच. पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर अशीच वर्दी देतो. आणि वर्दी वेळेवर ऐकली तर बाई बरी होते, चांगली ठणठणीत होते. हे मॅडम इतक्या वेळा सांगायच्या की मला झोपेत म्हणता आलं असतं.

विदर्भातल्या बायका आल्या की मलाच पुढे करायचे, कारण त्यांचं बोलणं मला कळायचं. मी माझ्या परीनं विचारायची आणि त्या पदर तोंडाला लावून मान हलवायच्या. "नाई व माय, तसं काई नाई." मग तपासणीत भलतंच निघायचं. मला राग यायचा. म्हणायची, मावशी, खरं सांगायला काय जातं तुमचं? त्या माझ्याकडे अशा बघायच्या जणू मीच येडी आहे.

दसऱ्यानंतर आमच्याकडे बालाजीची यात्रा असते. त्या वर्षी मॅडमनी मला चार दिवस रजा दिली. रेल्वेनं जालना, तिथून एसटी. खिडकीवर डोकं टेकवून मी अर्धी झोपेत, अर्धी जागी. बाहेर सोयाबीन निघालेलं, कपाशी फुटायला लागलेली, आणि मधूनच डोळ्यांपुढे ती पांढुरकी नळी वळवळून जायची. घरी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं. आई आणि वहिनी, म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, काकूची सून, स्वयंपाकघरात घामाघूम. मी विचारलं, "काकू कुठंय?" पुरणाचं, नैवेद्याचं सगळं काकूशिवाय हलत नसे. वहिनीनं हातातला झारा तसाच मागच्या दाराकडे केला.

मागच्या दारात मी थांबले. जामाखाली चटई होती. चटईवर काकू पाय पसरून बसलेली, केस मोकळे, पुढ्यात शेंगांची टरफलं. ऊन पानांतून गळून तिच्या पांढऱ्या केसांवर हलत होतं. मला वाटलं, मी थिएटरात उभी आहे आणि हे तेच आपलं नेहमीचं स्वप्न आहे. इतकं बरं वाटलं मला! मी चपला भिरकावल्या आणि तिच्याकडे धावले.

"थांब व! शिवू नको मले."

मी पायरीवरच थबकले, हात तसेच पुढे केलेले. आधी हसू आलं. मग आठवलं. काकूची पाळी जाऊन वर्षं लोटली होती. मी बाळंतपणाचं शिकत होते तेव्हाच गेली होती ती.

"काकू," मी म्हणाले, "तू काऊन बसली बाहेर?"

"काऊन बसते बाई बाहेर?" ती हसली. "डॉक्टरीण हायेस का कोन? परत आली माही पाळी. पोळ्यापासून येऊन राह्यली. कधी थोडी, कधी जास्त. देवानंच धाडली म्हन."

तिचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. ती खुश होती. शेंगा फोडत होती.

मी तिच्याजवळ चटईच्या कडेला उकिडवी बसले आणि शांतपणे समजावायला गेले. या वयात अशी पाळी येत नसते काकू. ही पाळी नव्हे. हे तपासायला लागतं, माझ्याबरोबर चल. तिनं ऐकून घेतलं आणि मान फिरवली. मी कॅन्सर हा शब्दही उच्चारला. तरी नाही. मग माझं डोकं फिरलं. मी अशी ओरडले की घरातले सगळे मागच्या दारात जमा झाले. तहसीलमधून रिटायर झालेले माझे काका सगळ्यांच्या मागे टाचा उंच करून बघत होते.

"अग, पोळ्यापासून रक्त जातंय आणि तू शेंगा खात बसली!"

तेव्हा काकूही चिडली. तिला चिडलेलं मी क्वचितच पाहिलं. "मंग काय करू? पाळी गेली तशी माही सुट्टी गेली. बारा महिने चूल. आंग दुखलं तरी चूल, ताप आला तरी चूल. आता कुठी चार दिवस आंग टाकाले भेटून राह्यलं, तर तेही तुह्याच्यानं पाहवत नाई? तुमी डॉक्टर लोकं औषध देसान, हे बंद करसान. मी कुठी येत नाई."

स्वयंपाकघरात पुरण लागल्याचा वास यायला लागला, तरी वहिनी हलली नाही. मला एकदम ते हसू आठवलं, काकांनी हाक मारून गप्प बसल्यावरचं, डोळे मिटलेलं. एवढ्या वर्षांत माझ्या काकूला बसायला मिळावं म्हणून तिच्या अंगातून रक्तच जावं लागत होतं, दुसरी काही सोयच नव्हती, आणि आम्ही सगळे त्या घरात जेवत होतो.

सगळे आत गेल्यावर मी परत तिच्याजवळ बसले. मग म्हणाले, "काकू, तिथं हॉस्पिटलात तुला महिनाभर कुणी काम सांगणार नाही."

तिनं एक शेंग फोडली.

"खाटेवर झोपून राहायचं. चहा जागेवर. जेवण जागेवर."

"तथी पोया कोन करते?" तिनं दुसरीकडे बघतच विचारलं.

"आहेत की माणसं."

"अन् भांडे?"

"ते पण."

जामाचं एक पान पडलं, ते तिनं उचलून बोटांत फिरवलं. "महिनाभर?" ती म्हणाली. "खरं सांग."

"तुझी शपथ."

"मंग येतो," काकू म्हणाली. आमच्याकडे बाया पण येतो-जातोच म्हणतात.

अशी मी तिला गोड बोलून नेली. तुकडा काढून तपासायला दिला त्या दिवशी तिनं माझ्या अॅप्रनचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. एमआरआयवर तो पिशवीच्या आतच असल्यासारखा दिसत होता, पण आमच्या धंद्यात दिसण्यावर भरवसा नसतो. आजूबाजूच्या लिम्फच्या गाठींत पसरला आहे की नाही, ते पोट उघडल्यावरच कळतं. मी चादरींच्या खोलीत जाऊन रडून घेतलं, तोंड धुतलं आणि मॅडमकडे गेले. "मी हात धुते मॅडम," म्हटलं. हात धुणं म्हणजे ऑपरेशनला उभं राहणं.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "उद्या तू डॉक्टर नाहीस. पुतणी आहेस. बाकावर बस."

"मॅडम, पण युरेटर..."

"मी शोधीन," त्या म्हणाल्या.

त्या बाकावर मी याआधी कधी बसलेच नव्हते. थिएटरच्या दाराबाहेरचा लांबलचक बाक. रोज आतून दार उघडून मी नावं पुकारायची आणि बाकावरची माणसं ताडकन उठायची. आता मी काकांशेजारी बसले होते आणि दार हललं की आम्ही दोघंही उठत होतो. काकांच्या हातात काकूच्या बांगड्या होत्या, रुमालात बांधलेल्या. ते म्हणाले, "हिनं कधी सांगितलंच नाही मले, की थकते म्हणून." मी म्हणाले, "विचारलं होतं का कधी, काका?" बोलले आणि वाईट वाटलं. त्यांनी रुमालाची गाठ सोडली, परत बांधली, आणि नाही म्हणून मान हलवली.

बसल्या बसल्या मला गुंगी आली. लांबून टिंव टिंव ऐकू येत होतं की मला तसं वाटत होतं, कोण जाणे. डोळ्यांपुढे हिरवं हललं. मी मागच्या दारात फ्रॉक काढते आहे आणि फ्रॉक संपतच नाही, एकाखाली एक फ्रॉक, आणि जामाखालची चटई दूर दूर जाते आहे. काकू म्हणते, "ये ना व." आणि विहिरीतून मॅडम विचारतात, "कुठंय? दाखव." मी हात घालून चाचपते, पाणी गार आहे, काही सापडत नाही.

कुणीतरी खांदा हलवला. पुण्याचा फेलो होता. मास्क हनुवटीवर, कपाळावर टोपीचा वळ. मी ताडकन उठले.

"मॅडमनी सांगायला पाठवलंय," तो म्हणाला. "दोन्ही युरेटर दिसले. गाठींचा ताबडतोबचा रिपोर्ट आलाय. सगळ्या स्वच्छ. बाहेर कुठं गेलेला नाही." आणि मग जरा थांबून, अडखळत, "लय साजरं झालं ऑपरेशन."

मी त्याच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. काका विचारत होते, "काय म्हणले? काय म्हणले ते?"

नंतरचे दिवस काकूनं वॉर्डात राणीसारखे काढले. खिडकीजवळची खाट मिळाली होती. चहावाली मावशी आली की काकू डोळे मिटून घ्यायची आणि चहा जवळ ठेवल्याचा आवाज आल्यावरच उघडायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं विहिरीतल्या गाण्याची गोष्ट सांगितली. काका समोरच्या धर्मशाळेत उतरले होते; तिथं आणखी पेशंटांचे नवरे स्टोव्हवर चहा करायचे, त्यांच्याकडून ते चहा शिकले. पहिला चहा थर्मासात घालून आणला तो इतका गोड होता की काकू म्हणाली, "पुतनीचं लगन लागलं का काय?" आणि सगळा प्यायली.

पक्का रिपोर्ट आला तोही चांगला. पुढे काही नको, फक्त ठरलेल्या वेळी दाखवायला यायचं. मी उड्या मारतच वॉर्डात गेले. काकूनं सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे पिशवी आता नाईच ना?"

"नाही."

"मंग आता मले कधीच बसा नाई लागनार?"

"कधीच नाही!" मी आनंदानं म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून झोपली. मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. जीव वाचला होता, मला नाचायला हवं होतं. वहिनीला मी त्याच दिवशी फोन केला आणि रिपोर्टपासून काकूनं तोंड फिरवलं तिथपर्यंत सगळं सांगितलं. ती नुसती "हो, हो" करत होती.

त्यानंतर ओपीडीत मी माझा प्रश्न बदलला. आमच्याकडच्या बीबी गावची एक मावशी आली होती, मुलीनं ओढून आणलेली. रक्त जातं का म्हटलं तर "नाई." मी स्टूल पुढे सरकवलं आणि हळूच विचारलं, "मावशी, पाळी गेल्यावर परत बाहेर बसावं लागलं का?" ती लगेच म्हणाली, "हाव, ते तं बसून राह्यलो ना." मॅडम पलीकडच्या टेबलावर होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या दिवसापासून आमच्याकडच्या बायकांना सगळ्या फेलोंनी हाच प्रश्न विचारायचा असं ठरलं. पुण्याचा फेलो तो विचारताना कानापर्यंत लाल व्हायचा.

मी परत घरी गेले ती उन्हाळ्याच्या तोंडावर. काकूची तपासणी नुकतीच झालेली, सगळं छान होतं. एसटीतून उतरून बॅग ओढत दारात आले तर घरात पाहुणे बसलेले. आत भांड्यांचा खणखणाट. डोकावून पाहिलं तर काका गॅसजवळ उभे, पातेल्यातलं दूध उतू गेलेलं, आणि वहिनी पोळ्या लाटत त्यांना सांगत होती, "मामाजी, आच कमी करा, आच!"

"काकू कुठंय?" मी विचारलं.

वहिनीनं लाटणं मागच्या दाराकडे केलं. "बसल्यात."

"बसल्यात म्हणजे?"

"बसल्यात म्हणजे बसल्यात," वहिनी चेहऱ्यावरची रेघही न हलू देता म्हणाली. "चार दिवस. दर महिन्याला बसतात."

मी काकांकडे पाहिलं. ज्या माणसानं बाकावर बसून बायकोची पिशवी निघण्याची वाट पाहिली, त्यानं चहा गिलासात ओतला, काकूच्या त्या वेगळ्या गिलासात, फडक्यानं कड पुसली, आणि तो मागच्या दारानं बाहेर गेला. मी मागोमाग गेले. त्यांनी गिलास चटईपासून हातभर लांब पायरीवर ठेवला, न शिवता, अगदी नियमानं, आणि मागे सरकले. काकूनं तो उचलून घेतला. दोघांच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. मग काका माझ्याजवळून आत जाताना पुटपुटले, "साखर बरोबर झाली आज."

जामाखाली ऊन हलत होतं. काकूचे केस मोकळे, पुढ्यात टरफलं. तिनं मला पाहिलं आणि हात वर केला.

"थांब व. शिवू नको."

मी थांबले. तिच्या पोटावरची टाक्यांची उभी रेघ मी कितीदा पाहिली होती, आत काय आहे आणि काय नाही हे मला माझ्या तळहातासारखं ठाऊक होतं, आणि तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. आतून कुणीतरी पाहुणी म्हणाली, "पोरगी आली वाटते. बरं झालं, वाढायला हात झाला."

काकूनं चहाचा घोट घेतला. "लय थकली दिसते," ती म्हणाली. "डोये पाह्य कसे झाले. पन माह्यापासून दूर बस, सांगून ठेवतो. शिवली, तर सांजच्या आंघोळीपर्यंत तुलेही कोनी काम सांगनार नाई."

मी बॅग पायरीवर सोडली, चपला काढल्या आणि जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. वहिनी दारात आली, ओल्या हातानं घाम पुसत. तिनं आम्हा दोघींकडे पाहिलं.

"शिवल्या का तुम्ही?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हणाले, आणि डोळे मिटले.